तळ्यापर्यंत अनवाणी

चार माणसं रोज पहाटे एकाच रस्त्याने पळायला लागली की किस्से आपोआप साठतात. एक पडतो, आणि उरलेले तिघे ते जन्मभर सांगत फिरतात. आमच्यात पडणारा बहुतेक वेळा मीच. म्हणून मीच सांगितलेलं बरं, त्या तिघांना सांगू दिलं तर तिखटमीठ लावतील.

दत्तूदादा, माझा थोरला भाऊ, रोज पहाटे तुळजापूर रस्त्याने अनवाणी पळायचा. घरी आला की आईला सांगायचा, "हिप्परग्याच्या तळ्यापर्यंत जाऊन आलो." सोबत त्याचे तीन दोस्त. वयाने मोठे मल्लप्पाअण्णा, भुसार दुकानवाले. नरसय्या, सूत रंगवणारा. आणि सायकल दुरुस्तीवाला रफिक.

संक्रांतीनंतर दादाला कावीळ झाली आणि पंधरा दिवसांत तो गेला. वडील आधीच गेलेले, म्हणून अग्नी मी दिला. अग्नी देणाऱ्याने दिवस होईपर्यंत पायात काही घालायचं नसतं. तेराव्याला मामांनी नवी चप्पल पुढे ठेवली. मी ती घातली नाही. सगळ्या पंगतीसमोर सांगून टाकलं, की दादा जायचा तिथपर्यंत मी पळत जाणार, आणि असाच जाणार.

मामा म्हणाले, "आधी जेवून घे."

*

दुसऱ्या दिवशी पहाटे मी तिघांच्या आधी रस्त्यावर हजर. त्यांनी सावकाश सुरुवात केली. मला ते म्हाताऱ्यांचं चालणं वाटलं, आणि मी सुटलो तो थेट जकात नाक्यावर. तिथे आडव्या बांबूला धरून खालीच बसलो. तळपायाची आग होत होती आणि छातीचा भाता झाला होता. मागून तिघे आले. दोघांनी बगलेत हात घालून मला उचललं आणि परत फिरवलं. नाक्यावरचा कारकून झोपेतच होता. सवयीने त्याने विचारलं, काय माल आहे?

रफिक म्हणाला, "खराब माल है साब. आया वैसाच वापस लेको जारे."

*

त्याच आठवड्यात टाचेत बाभळीचा काटा मोडला. रफिकने मला दुकानात नेऊन बसवलं आणि माझा पाय पाण्याच्या घमेल्यात बुडवला. बुडबुडा आला तर सांग म्हणाला. मग चिमट्याने काटा काढला, आणि हात सवयीचा असल्यामुळे तिथे पॉलिश पेपर घासून, सोल्यूशन लावून, रबराचं ठिगळ चिकटवूनही टाकलं.

पुढच्या पंधरवड्यात दोन्ही तळव्यांचं कातडं सोलून निघालं. ठिगळ मात्र शाबूत.

*

सोललेल्या पायांना तुरटीचं पाणी चांगलं, असं नरसय्याने सांगितलं. त्याच्या कारखान्यात चार हौद होते. कुठल्या हौदात पाय घालायचे तेही तो सांगणार होता, पण तेवढं ऐकून घ्यायला मी थांबलो नाही. पाणी गार होतं, बरं वाटलं, डोळे मिटून बसलो. उघडले तेव्हा नरसय्या कपाळाला हात लावून उभा होता. घोट्यापर्यंत दोन्ही पाय लालभडक.

घरी आलो तर आई दारातच बसलेली. तिने आधी पाय बघितले, मग तोंड.

"अगं बाई, नवरीच आली की घरात!"

दादा गेल्यापासून आई पहिल्यांदा हसली. पदर तोंडाला लावून हसत राहिली आणि हसता हसता रडली.

रंग लवकर जाऊ नये म्हणून मी आठ दिवस पाय घासले नाहीत.

*

दादा आणि मी एकाच मालकाच्या मागांवर कापड विणायला होतो. वैशाखात मालकाने दादाचा माग दुसऱ्याला चालवायला दिला. तो तरी किती दिवस बंद ठेवणार, हे आता कळतं. त्या दुपारी कळलं नाही. त्या मागाचा खटखटाट कानावर पडला आणि मी हातातली सुताची कांडी टाकून तसाच रस्त्यावर पळत सुटलो. डांबर वितळलेलं. कुठवर गेलो ते आठवत नाही. परत आणलं ते बैलगाडीतून.

तळव्यांना हे एवढे फोड. वीस-बावीस दिवस उभं राहता येईना. सगळे म्हणाले, झालं याचं पळणं. मलाही तसंच वाटलं.

मल्लप्पाअण्णा दुकान उघडायच्या आधी रोज यायचे आणि कोरफडीचा गर लावायचे. बापाच्या वयाचा माणूस पायाला हात लावतो म्हणून मी पाय ओढून घेतले, तर त्यांनी घट्ट धरून ठेवले.

"दत्तू दुपारचा कदी पळाला न्हाय. झोपायचा. त्याच्यासारखं करायचं तर तेबी कर की."

*

पाऊस पडून रस्ता गार झाल्यावर पुन्हा सुरुवात केली. टाच आपटू नको, पाय हलका टाक, असं अण्णा पहिल्या दिवसापासून सांगत होते. माझं आपलं धपधप चाललेलं. एके दिवशी मेंढरांच्या कळपाजवळून जाताना धनगराचं कुत्रं मागे लागलं. मैलभर पळालो. पाय जमिनीला लागत होते की नाही, देवाला ठाऊक.

कुत्रं दमून बसलं. अण्णा धापा टाकत आले आणि कुत्र्यामागोमाग पळत आलेल्या धनगराला विचारू लागले, "हे रोज कितीला सुटतं?"

*

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ठरवलं, आज तळं. नाका गेला, ओढ्याचा पूल गेला. पुढे तिघे कधी नव्हे इतके मागे पडायला लागले. मला वाटलं, मुद्दाम मला पुढे सोडतायत. भरावावर चढलो. दुष्काळात तळ दिसलेलं तळं आता काठोकाठ. पायाखाली ओलं गवत, आणि पाय दुखत नव्हते.

तिघे आले. बराच वेळ नुसते पाण्याकडे बघत राहिले. मी विचारलं, दादा इथे बसायचा कुठे?

नरसय्या रफिककडे बघतोय, रफिक अण्णांकडे. शेवटी अण्णांनी टोपी काढून घाम पुसला.

"बाळ्या, आमी पुलावरनंच माघारी फिरायचो. चौगंबी. गप्पा मारत बसायचो तितं." मग टोपी परत घालत म्हणाले, "तळं लई मोठं हाय की रं."

आम्ही पाण्यात पाय सोडून बसलो. उन्हं वर आली तेव्हा उठलो.

घरी आई भाकऱ्या थापत होती. वर न बघता तिने विचारलं, "गेलतास का तळ्यापत्तोर?"

"गेलो."

"दत्तू सांगायचा, पांढरी पाखरं असत्यात पाण्यावर. हुती का?"

सकाळभर तिथे एक कावळासुद्धा फिरकला नव्हता.

"हुती की," मी म्हणालो. "दादा सांगायचा तेवढीच."