भावोजी, गाणं ऐकलंत का?

रत्नागिरी जिल्ह्यात ज्याच्याकडे फोन आहे आणि ज्याला माझ्या मेहुण्याने आपलं गाणं पाठवलेलं नाही, असा माणूस अजून जन्माला यायचाय. आला, तरी बारशाच्या आत त्याच्या आईच्या फोनवर गाणं पोचलेलं असेल.

हा माझ्या बायकोचा थोरला भाऊ. जयगडच्या बंदरात नोकरी करतो, आणि उरलेल्या वेळात स्वतः गाणी लिहितो, स्वतः चाल लावतो, स्वतः गातो आणि नेटवर टाकतो. इथपर्यंत कोणाची तक्रार नाही. त्रास सुरू होतो तो टाकल्यानंतर. रत्नागिरीत आमच्या गल्लीचा नळाच्या पाण्याचा ग्रुप आहे. राहणारा जयगडचा, तो त्यात शिरला कसा, देव जाणे. 'उद्या पाणी येणार नाही' या निरोपाखाली याने लिहिलं, 'तोवर हे ऐका.' नात्यातल्या एक आत्या गेल्या, तर श्रद्धांजलीखालीही गाणं, 'मन हलकं होईल' म्हणून. आत्यांच्या मुलाने फोन करून झापलं ते मला, जणू गायलो मीच होतो! पावसच्या एका बागायतदार मित्राच्या आंब्याच्या पेट्यांवर तर याने गाण्याचा कोड छापलेल्या चिठ्ठ्या डकवल्या, खाली स्वतःचा नंबर. पुण्याच्या एका बाईंचा फोन आला, "अहो, अर्धे आंबे डागी निघाले!" हा म्हणतो, "बदलून देऊ हो, पण गाणं कसं वाटलं?" बाई पुढे काय म्हणाल्या, ते तो सांगत नाही.

त्याचा स्वतःचाही एक ग्रुप होता. मी त्यातून बाहेर पडलो की पाच मिनिटांत फोन, "भावोजी, चुकून बोट लागलं वाटतं," आणि मी परत आत. एकदा ऑफिसात साहेबांसमोर त्याचं गाणं माझ्या खिशातून मोठ्याने वाजू लागलं, आणि माझं डोकंच फिरलं. बाहेर येऊन त्याला फोन केला आणि म्हटलं, "अरे, तुझी गाणी कोणी ऐकत नाही! भिडेखातर अंगठे पाठवतात लोक."

तो नुसतं "बरं" म्हणाला.

त्यानंतर महिनाभर एक निरोप नाही. पहिला आठवडा मी सुखात काढला. दुसऱ्या आठवड्यात बायकोने विचारलं, "दादाला काय बोललात तुम्ही?" शेवटी एका रविवारी आम्ही दोघं जयगडला गेलो. तो पडवीत हार्मोनियम घेऊन एकटाच गात होता. गाणं त्यांच्या वडिलांवर होतं. मासेमारीहून परतताना ते लांबूनच शीळ घालायचे, ती ऐकून ही दोन पोरं धावत सुटायची, एवढंच. माझी बायको पायरीवरच बसली आणि पदर तोंडाशी धरून रडली. सासऱ्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी पाहिल्यासारखं वाटलं.

"हे टाकलं नाहीस?" मी विचारलं.

"कशाला? लोकांना त्रास होतो."

मी त्याला पुन्हा गायला लावलं, माझ्या फोनवर उतरवून घेतलं आणि सगळ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. निळ्या खुणा एकामागून एक उमटल्या. उत्तर मात्र कोणाचंच येईना. मी फोन उघडतोय, बंद करतोय, पुन्हा उघडतोय. लोकांना झालंय तरी काय?

त्याने माझ्यापुढे चहाचा कप सरकवला.

"घ्या भावोजी," तो हळूच म्हणाला, "पहिल्या दिवशी असंच होतं."