पाचबारी बंदुकीची वंशावळ

इतिहास शिकवण्याबद्दल सोलापुरातली एक शाळा मला पगार देत होती. इतिहास शोधून काढण्याची वेळ मात्र माझ्यावर एकदाच आली, आणि तीही एका बंदुकीपायी.

बंदूक माझ्या आत्याच्या यजमानांची. ते वारले तेव्हा पोलीस पाटलाने ती नियमाप्रमाणे नेऊन कलेक्टर कचेरीत जमा केली. आत्याचे शेत अक्कलकोटच्या वाटेवर, ओढ्याच्या काठी. भुईमूग भरायला लागला की रानडुकरे कळपाने येत आणि सरी उलटीपालटी करून जात. आत्याला मूलबाळ नव्हते. ते शेत हाच तिचा संसार. बंदूक परत मिळावी आणि परवाना तिच्या स्वतःच्या नावावर व्हावा, एवढेच तिचे मागणे होते. भुईमूग निघायला दीड महिना उरला होता.

बंदूक आमच्या भागात नवलाची होती. इकडे सगळ्यांना ठाऊक त्या दुबारी बंदुका, मधोमध मोडून काडतुसे घालायच्या. ही अमेरिकेत बनलेली. नळीच्या खाली आणखी एक बारीक नळी आणि तिच्यात एकामागे एक पाच काडतुसे. पुढची लाकडी मूठ सायकलच्या पंपासारखी मागे ओढून पुढे ढकलली की रिकामे काडतूस बाहेर उडे आणि नवे जागेवर बसे. गावात तिला पाचबारी म्हणत.

अशी वस्तू कचेरीत बेवारशी पडलेली पाहून गावच्या इनामदारांचे वंशप्रेम जागे झाले. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर दोन तलवारी, एक गंजका भाला आणि सांबराची शिंगे होती; ते सांबर कोणी मारले याच्या तीन निरनिराळ्या हकिकती मी स्वतः ऐकल्या होत्या. भिंतीवर मधली जागा मोकळी होती. त्यांनी अर्ज केला की महाराणीच्या अमदानीतल्या एका दरबारात, वाघ मारल्याबद्दल, ही बंदूक खुद्द लाटसाहेबांनी आमच्या वडिलांना बहाल केली. पुढे आम्ही ती मोठ्या मनाने या बाईंच्या यजमानांना वापरायला दिली होती.

त्यात कचेरीने आणखी एक घोळ काढला. जुन्या परवान्यावर लिहिलेल्या नंबराची नोंद कोणत्याच दप्तरात सापडेना. अव्वल कारकून मला म्हणाला, "मास्तर, तुम्ही शिकलेले आहात. बंदुकीचा पूर्वेतिहास लेखी आणा. नाहीतर ती इनामदारसाहेबांकडे जाणार असं दिसतंय."

आत्या माझ्याबरोबर होतीच. मी बंदूक पाहायला मागितली. कचेरीच्या ओसरीवर ती आणून ठेवली तेव्हा पहिल्यांदा मला ती बंदूक आहे हेच ओळखू येईना. खंडेनवमीला आपण हत्यारांना हळदकुंकू वाहतो. आत्याच्या यजमानांची श्रद्धा दांडगी. ते मारुतीला लावतात तसा तेलात कालवलेला शेंदूर बंदुकीला लावत, दरवर्षी, आणि आदल्या वर्षीचा पुसणे त्यांना पाप वाटे. बंदुकीच्या पोटावर बोटभर जाडीचे पूट चढले होते. नंबर असलाच तर त्याच्याखाली होता.

"आत्या, हे खरवडावं लागेल."

कारकून दचकला. "अहो, देवाचा शेंदूर! असं करू नये बाई."

"मालकांनी लावला, मी काडते," आत्या म्हणाली. "मारुतीला काय सांगायचं ते माजं मी सांगीन. रॉकेल हाय का तुमच्याकडं?"

कंदिलातले रॉकेल आले. आत्याने पदर खोचला आणि चिंधी घेऊन बसली. तासाभराने पोटाखालून एक नंबर वर आला. परवान्यावरचा नंबर अर्थातच वेगळा होता. तो कुठून आला हे मी नळीवरची इंग्रजी अक्षरे वाचली तेव्हा कळले. तिथे कारखान्याने आपल्या शोधाचा हक्क ज्या दिवशी नोंदवला ती तारीख कोरलेली होती. शेंदरातून मोकळे राहिलेले आकडे तेवढेच, म्हणून मागच्या कोण्या कारकुनाने तारीखच नंबर म्हणून उतरवली होती, आणि गेली कित्येक वर्षे सरकार त्या तारखेचा परवाना नवा करून देत होते.

खरा नंबर घेऊन मी कॅम्पातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. म्हाताऱ्या दुकानदाराने जुनी वही काढली. बंदूक त्याच्याकडून एका गिरणीतल्या गोऱ्या विणकाम मास्तराने घेतली होती. त्याच पानावर खाली दुसरी नोंद: विलायतेला परत जाताना त्याने ती आत्याच्या यजमानांना दिली, दोघांच्या सह्यांनिशी. वाघ नाही, दरबार नाही. तळ्यावर बदके मारायला दोघे बरोबर जात, असे दुकानदार म्हणाला; एवढाच इतिहास.

सुनावणीला इनामदार जरीचा फेटा बांधून आले. डेप्युटी कलेक्टरांपुढे मी वहीची नक्कल ठेवली आणि नळीवरची तारीख वाचून दाखवली. दरबार झाला त्यानंतर कितीतरी वर्षांनी हा शोध लागला होता. लाटसाहेबांनी जगात नसलेली बंदूक बहाल केली असावी, असे मी म्हणालो.

"मास्तर, तारखा तुमच्या शाळेत," इनामदार म्हणाले. "इथं घराण्याचा प्रश्न आहे. ह्या बंदुकीवर माझा हात बसलाय लहानपणापासून."

"मग जरा उघडून दाखवा," साहेब सहज म्हणाले. "आत काही नाही ना, तेही बघू."

इनामदारांनी बंदूक गुडघ्यावर घेतली आणि दुबारीसारखी मधोमध मोडायला लागले. मोडेना. त्यांनी दुसरा गुडघा लावला. फेटा कानावर आला.

"अवो इनामदार," आत्या कोपऱ्यातून म्हणाली, "भाकरी न्हाय ती, मोडायला."

ती पुढे झाली, बंदूक त्यांच्या हातातून घेतली, नळी छताकडे केली आणि मूठ मागे ओढली. खाट्‌ आवाज झाला आणि पोट उघडले. "बगा सायेब. रिकामी हाय." शिपायाने तोंड भिंतीकडे फिरवले.

इनामदारांचा अर्ज तिथेच संपला. पण साहेब थांबले. मला म्हणाले, "मास्तर, परवाना तुमच्या नावावर करून टाकू. बाईमाणसाच्या नावावर करायचा इथे रिवाज नाही."

"डुकरं काय रिवाज बगून येत्यात व्हय?" आत्या म्हणाली.

साहेबांनी तिच्याकडे पाहिले नाही, कागद माझ्यापुढे सरकवला. एका सहीत सगळे मिटत होते. आत्याही माझ्याकडेच बघत होती.

"मी सही करणार नाही," मी म्हणालो. "मला बंदूक चालवता येत नाही, हे हवं तर लिहून देतो. कायदा मी वाचून आलोय. बाईला मनाई कोणत्या कलमात आहे, तेवढं दाखवा."

अव्वल कारकुनाने पुस्तक चाळले. पुढून चाळले, मागून चाळले. शाळेत मी अशीच पाने उलटणारी मुले रोज पाहत असे. उत्तर नसल्याचे त्यांच्या मानेवरूनच कळते. शेवटी साहेबांनी लेखणी उचलली. धंदा या रकान्यात कारकून काही न विचारता ‘घरकाम’ लिहू लागला. आत्याने विचारले, काय लिहिताय, आणि ते खोडून ‘शेती’ लिहायला लावले.

बाहेर इनामदारांचा टांगा अजून उभा होता. मोटारीच्या अड्ड्यापर्यंत भर बाजारातून जायचे होते. मी म्हटले, "आत्या, कोपऱ्यावरून एखादी चादर घेऊ, गुंडाळून नेऊ. लोक बघतील."

"बगू दे की. झाकायचीच व्हती तर परवाना कशाला काडला?"

तिने डोक्यावरचा पदर नीट केला, बंदूक खांद्यावर टाकली आणि रस्त्याच्या मधून चालू लागली. आम्ही टांग्याजवळून गेलो तेव्हा इनामदार घोड्याच्या नालांकडे फार बारकाईने पाहत होते.