न धुतलेलं फडकं

जवळ ये गं जरा, आणि तो फोन ठेव बाजूला. महिन्यानं आलीस, तीही पाहुणीसारखी दारातच उभी!

तुला त्या पावडरवाल्या काकांचं सांगायचंच राहिलं. कारखान्यातून रिटायर झालेले, आमच्या पनवेलच्या सोसायटीत दारोदार फिरायचे. विकायला नाही गं, मागायला. तेलकट डाग काढणारी पावडर त्यांनी घरीच बनवली होती, पण ती तपासायला तेलकट काही मिळेना. बायकोनं वैतागून तळणच बंद केलेलं. "ताई, ओट्याचं मळकं फडकं द्या," म्हणाले. मी आत गेले, फडकं साबण लावून खसाखसा धुतलं, पिळलं आणि दिलं. परक्याच्या हातात घाण कशी द्यायची?

त्यांनी ते चिमटीत चोळलं, हुंगलं आणि घडी घालून परत केलं. "तुमचं अकरावं घर. सगळ्यांनी धुऊनच दिलं. या बिल्डिंगमध्ये कुणी जेवतं की नाही?"

इतके रडवेले झाले, की मी स्टुलावर चढून एक्झॉस्टची जाळीच काढून दिली. तीन वर्षांचा चिकट थर! नाकाशी धरून म्हणाले, "सुरमई. त्याखाली दिवाळीच्या चकल्या." डोळे भरून आले त्यांचे. "ताई, आपली घाण द्यायला समोरचा आपला वाटावा लागतो."

आणि मी त्यांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

जाळी परत आली, तेव्हा तिच्यातून तीन वर्षांत पहिल्यांदाच समोरची बिल्डिंग दिसली. पण काकांना अजून पाच-सहा प्रयोग करायचेत, आणि माझ्याकडचं तेलकट संपलं. तू पुन्हा लवकर ये बाई. येताना तुझं ओट्याचं फडकं आण, आणि खबरदार धुतलंस तर!