‘येणार नाही’ हे बटण

मेल पाठवणं हे माझं काम आहे. म्हणजे मी बसून एकेक मेल लिहीत नाही. तुम्ही ऑनलाइन काही मागवलंत की लगेच ‘आपली ऑर्डर मिळाली’ असा मेल येतो, पासवर्ड विसरलात की नवा करायची लिंक येते, त्यामागे कुणी माणूस बसलेला नसतो. ते सगळं आपोआप जावं याची सोय करणारी जी मंडळी असतात, त्यांच्यातली मी एक. लग्न होऊन सांगलीला आल्यापासून पुण्याच्या एका कंपनीचं हे काम मी विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून करते. शेजारच्या काकूंची समजूत आहे की मी टायपिंग घेते. मीही ती मोडत बसत नाही.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, मात्र एकदा सगळं नीट समजून घ्यायचं होतं. सातारा जिल्ह्यातल्या औंधच्या अलीकडे आमचं गाव. मी पुण्यात शिकत होते तेव्हा आबा स्टँडवर जाऊन एसटीच्या कंडक्टरकडे माझा डबा द्यायचे. मी म्हटलं, तसंच आहे हे. आपला प्रोग्राम स्वतः पुण्याला जात नाही. मेल पोचवायचाच धंदा करणारी एक वेगळी सेवा असते, तिच्या हातात तो डबा देतो. कसा द्यायचा, त्यावर काय लिहायचं, कुणाचा आहे हे कसं पटवायचं, याची ठरलेली रीत असते. त्या रीतीला एपीआय म्हणतात. एकदा डबा दिला की पुढचं ते बघतात, आणि वर आपल्याला कळवतात की पोचला, परत आला की उघडला.

“कंडक्टर परत येऊन सांगतो व्हय, डबा उघडला म्हनून?” आबांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

“मंजी लय भोचक कंडक्टर हाय.”

तेव्हा मी हसले होते. या भोचकपणाचे आमच्या घरावर पुढे एवढे उपकार होतील असं काही वाटलं नव्हतं.

झालं असं की यंदाच्या जत्रेला गावानं ठरवलं, गावच्या जितक्या म्हणून लेकी बाहेर दिल्यात तेवढ्या सगळ्यांना माहेरी बोलवायचं. साडीचोळी करायची, एका पंगतीला बसवायचं. जत्रा कमिटीचे अध्यक्ष फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी आधी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढून पाहिला. गुड मॉर्निंग, गुडघेदुखीवरचे उपाय आणि कुणाच्या तरी नातवाच्या बारशाचे फोटो यांत आमंत्रण कुठल्या कुठे वाहून गेलं. शेवटी त्यांचा मला फोन आला. ताई, प्रॉपर मेल गेला पाहिजे, रिकॉर्ड राहतं, असं त्यांचं म्हणणं. मेल वाचणार कोण, असं मी विचारलं, तर म्हणाले की हल्ली प्रत्येक फोनात मेल असतोच. हे खरं होतं. फोन विकताना दुकानदारच एक काढून देतो. आपल्या नावाचा मेल आहे याचा पत्ता नसलेल्या बायकांच्या फोनवरही तो टुणकन वाजतो.

आता आमच्याकडे लेकीला माहेरी आणायची एक रीत आहे. तिचा भाऊ नाहीतर बाप तिच्या दारात जातो आणि तिला घेऊन येतो. त्याला मुराळी म्हणतात. हल्ली पोरी आपापल्या स्कूटीवर माहेरी येतात ते सोडा, पण जुन्या बायका मुराळी दारात उभा राहिल्याशिवाय पिशवी भरत नाहीत. आमच्या आत्यानं तर त्यापायी माहेरच सोडलं होतं.

आत्या आबांची थोरली बहीण. जतच्या पलीकडे, कर्नाटकच्या हद्दीला लागून दिलेली. माझ्या लग्नाच्या धांदलीत आबा स्वतः तिला आणायला गेले नाहीत. त्या बाजूला जाणाऱ्या एका पाहुण्याच्या हाती पत्रिका दिली आणि वरून एक फोन केला. आत्या लग्नाला आली नाही. तेव्हापासून जत्रेलाही नाही, दिवाळीलाही नाही. आबा म्हणायचे, पत्रिका धाडली, फोन केला, आता आणखी काय पायघड्या घालू? आत्या काहीच म्हणायची नाही, ते जास्त वाईट. दोघंही हट्टाला पेटलेली आणि दोघांमध्ये पडून आईचा जीव मेटाकुटीला आलेला. मी लहान असताना आत्या आली की मला कडेवर घेऊन गावभर हिंडायची. माझ्या लग्नातल्या एकाही फोटोत ती नाही, याचं मला फार वाईट वाटायचं.

म्हणून सुभेदारांनी नावं आणि मेल गोळा करून पाठवले, तेव्हा मी सगळ्यात आधी आत्याचं नाव शोधलं. होतं. आबांना सांगितलं तर ते म्हणाले, गाव बोलवतंय, बोलवू दे, ती काय यायची नाही, माझा काय संबंध? आणि त्याच संध्याकाळी त्यांचा फोन आला, गेला का मेल आक्काला, म्हणून.

मी कामाला लागले. आमंत्रणाचा साचा केला, वर देवळाचा फोटो टाकला, प्रत्येकीचं नाव आपोआप पडेल अशी जागा ठेवली. खाली दोन बटणं दिली, ‘येणार’ आणि ‘येणार नाही’. जिनं ‘येणार’ दाबलं तिला पंगतीची वेळ आणि गाड्यांची माहिती जाईल. जिनं काहीच दाबलं नाही तिला एक दिवसाआड आठवण जाईल. जिनं ‘येणार नाही’ दाबलं तिला एक सभ्य उत्तर जाईल, ‘आपला निरोप मिळाला, कळवल्याबद्दल आभार’, आणि तिला पुढे काही जाणार नाही. आमच्या धंद्यात हे सुसंस्कृतपणाचं लक्षण समजतात. नको म्हटलेल्या माणसाला पुन्हा मेल पाठवणं म्हणजे पाप. तक्रारी वाढल्या तर मेल पोचवणारी सेवा आपलं खातं बंद करते. स्वतःला पाठवून बघितलं, सगळं ठीक होतं, आणि एका सकाळी चहा पिता पिता सगळ्या गावाच्या लेकींना बोलावणं धाडलं.

दुपारपर्यंत उत्तरं यायला लागली. तरण्या पोरींची पटापट ‘येणार’. त्यानंतर थोरल्या बायका जाग्या झाल्या आणि ‘येणार नाही’ची रांगच लागली. वाई, कोरेगाव, तासगाव, जिकडे म्हणून आमच्या गावानं लेकी दिल्या तिकडून नकार. आणि त्यांत आत्याचाही.

आबांना सांगायचं माझ्या जिवावर आलं, पण ते विचारायचे थांबेनात. सांगितलं. मग म्हणाले, म्हनलं न्हवं मी? आणि फोन ठेवला. आई म्हणाली की ते न जेवताच मळ्याकडे गेले.

दुसऱ्या दिवशी माझा फोन वाजायला लागला. पहिला फोन वाईहून, आमच्या भावकीतल्या एका काकूंचा.

“मी न्हाई म्हनल्यावर आभार मानलंस व्हय गं?”

मी चाचरत म्हटलं की काकू, तुम्हीच तर ‘येणार नाही’ दाबलंत. त्यावर त्यांनी माझी जी हजेरी घेतली! पहिल्याच बोलावण्याला कुणी हुरळून हो म्हणतं का, पुढून आग्रह व्हायला नको का, आणि माहेरानं एकदा विचारून आभार मानून मोकळं व्हावं, मग लेकीनं काय समजायचं? आली नाहीस तर बरंच झालं, एवढंच ना? तासगावच्या बाईंनी तर ते आभार नवऱ्यासमोर आले म्हणून मला बोल लावला. सासरी त्यांची किंमत गेली होती.

मी डोक्याला हात लावून बसले. मी याच तालमीत वाढलेली. कुणाच्या घरी गेलं की जेवायला बसा म्हटल्यावर आधी आत्ताच जेवून आलोय म्हणायचं. दुसऱ्यांदा म्हटल्यावर बरं, अर्धी भाकरी. तिसऱ्यांदा म्हटलं की मांडी घालून बसायचं. दोन वर्षांच्या पोराला हे कळतं. आणि मी असा प्रोग्राम लिहिला होता, की जो पहिल्याच ‘नको’ला ताट उचलून ठेवतो.

पण पुन्हा पाठवायचे तर धंद्याचा नियम आडवा. मग मी दोन्ही सांभाळलं. ‘येणार नाही’ हे बटणच काढून टाकलं आणि त्या जागी लिहिलं, ‘बघते, कसं जमतंय’. आमच्या भागात खरं तर एवढी दोनच उत्तरं असतात. मेल नकोच असेल तिच्यासाठी तळाशी वेगळी लिंक ठेवली, ती कुणी दाबली नाही. ज्यांना आभार गेले होते त्यांना माफी मागून नवं बोलावणं धाडलं, ‘असं कसं चालेल? तुमच्यावाचून पंगत बसणार नाही’. आणि जी ‘बघते’ दाबेल तिचं नाव परस्पर सुभेदारांना जाईल, म्हणजे कमिटीतलं कुणीतरी तिच्याकडे जाऊन येईल. सुभेदार खूश झाले. आता कसं, मेल पुढं आणि माणूस मागनं, असं म्हणाले.

हे करताना मी आत्याच्या नावावर थांबले. तो भोचक कंडक्टर तिथे सगळं सांगून बसला होता. आत्यानं ‘येणार नाही’ दाबलं ते पहिल्याच दिवशी. पण त्यानंतरही तो मेल उघडला जात होता. सकाळी उघडलेला, दुपारी उघडलेला, परत संध्याकाळी. नकोच असलेलं बोलावणं कुणी इतक्यांदा वाचत नाही. तिच्यासाठीचा नवा मेल मी पाठवलाच नाही. आबांना फोन लावला. म्हटलं, आबा, आत्या नाही म्हणाली खरी, पण तो मेल पुन्हा पुन्हा उघडून बघतीये.

कितींदा, आबांनी विचारलं. दिवसातनं तीन-तीनदा, मी म्हटलं.

“वाट बगती हाय मंजी,” आबा म्हणाले.

मी पुढे काही बोलणार तोवर त्यांनी फोन ठेवून दिला होता.

जत्रेच्या आधी दोन-तीन दिवस, भर दुपारी, माझी एक मीटिंग चालू असताना दाराची बेल वाजली. दारात आबा, इस्त्रीच्या कपड्यांत. आणि त्यांच्या मागे, जिन्यानं दमलेली, हातात कापडी पिशवी घेतलेली आत्या. मी मीटिंग तशीच टाकली आणि तिच्या गळ्यात पडले. माझ्या लग्नानंतर ती मला पहिल्यांदाच दिसत होती. तिनं माझं घर बघितलं, डबे बघितले, हवा येते का बघितलं, आणि टेबलावरच्या लॅपटॉपकडे बोट करून विचारलं की ह्योच का त्यो बोलवणारा?

मी चहा टाकला. आबांनी सांगितलं, ते दारात गेले तेव्हा आत्या अंगणात मिरच्या वाळत घालत होती. त्यांना बघून उठलीसुद्धा नाही. आबा म्हणाले, आक्का, चल. ती म्हणाली, बस, पाणी पी. पिशवी आत भरलेलीच होती. मी तिला विचारलं, मग ते बटण कशाला दाबलंस गं आत्या?

“न्हाई म्हनले ते मशिनीला म्हनले,” आत्या म्हणाली. “ह्यो कुटं आलता इचारायला?”

आबा बशीत चहा ओतत होते. ते खाली मान घालून तो फुंकत बसले. त्यांना हसू येत होतं ते मला दिसलं.

चहा झाल्यावर मी म्हटलं, तुम्हाला उशीर होईल, विट्यावरून लवकर पोचला असता, उगीच सांगलीची वाकडी वाट कशाला केलीत? आबांनी कप खाली ठेवला. पिशवी भर म्हणाले. तुलाबी न्यायला आलोय.

मी हसत म्हटलं, मला मेल आलाय की आबा, मीच धाडलाय. मी येईन जत्रेदिवशी गाडीनं.

“मेल आला आसंल,” आबा म्हणाले. “मी कुटं आलतो?”

खरं सांगते, लग्न झाल्यापासून मी दर वेळी आपली आपण माहेरी गेले होते. आपलाच प्रोग्राम, आपलीच स्कूटी, आपलीच गाडी. गावातल्या सगळ्या लेकींना मी बोलावलं होतं, आणि मला कुणी दारात येऊन बोलवायचं राहिलंय हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. आणि एवढं सगळं होऊनही माझ्या तोंडून काय निघालं? मी म्हणाले, नको हो आबा, ऑफिसचं काम आहे, आत्ता कसं जमणार?

म्हटलं, आणि ओट्याकडे तोंड करून कप विसळत उभी राहिले. नळ मुद्दाम बारीक ठेवला, मागचं नीट ऐकू यावं म्हणून.

“आरं, बसलायस काय?” आत्या आबांना म्हणत होती. “परत इचार तिला.”