मधला गर्डर

"मॅडम, पॅनल कुठं बसवायचे तेवढं सांगा. छत ठोकून काय बघताय?"

चेअरमन अप्पा खालून ओरडले. मी शिडीवर होते. फॉल्स सीलिंगचा तुकडा काढून वरच्या लोखंडी गर्डरवर हातोडी मारत होते. गंजाचे पापुद्रे खालच्या टेबलांवर पडत होते.

धाराशिवमधल्या एका पतसंस्थेचं हे जुनं ऑफिस. मला रेट्रोफिटिंगसाठी बोलावलं होतं, म्हणजे इमारत न पाडता तिचा विजेचा खर्च आणि उकाडा कमी करायचा. अप्पांना त्यातलं फक्त सोलर हवं होतं. वार्षिक सभेत मेंबरांना दाखवायला.

छत जुन्या पद्धतीचं. गर्डर, त्यावर दगडी फरशा, त्यावर कोबा. कोबा म्हणजे गळती थांबवायला घातलेला विटा-चुन्याचा जाड थर. इथं छत गळलं की जुना थर तसाच ठेवून वर नवा घातलेला. सगळं वजन गर्डरवर. मी गर्डरच्या खालून, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणून धरायला लावली. मधला गर्डर दोरीला खाली ढकलत होता. तो वाकला होता.

"अप्पा, यावर पॅनल बसणार नाहीत. आधी वरचं वजन उतरवावं लागेल. आणि टेकू लागेपर्यंत हॉल रिकामा करा."

"सभा तोंडावर आलीय आन् तुमी छत उकरायला सांगताय? ह्याच छताखाली आयुष्य गेलं माझं. काय बी व्हत न्हाय."

हेड क्लार्क शोभाताईंनी तोवर कॉम्प्युटरची वायर काढली होती. "अप्पा, आम्ही व्हरांड्यात बसतो," एवढंच म्हणाल्या. त्यांच्यामागून सगळा स्टाफ गेला.

अप्पांनी खुर्ची ओढली ती बरोबर मधल्या गर्डरखाली. "म्या बसतो हितं. बघूच."

मी विनवलं, मग चिडले. ते हलेनात. मी टेकूवाल्याला फोन लावला.

तेवढ्यात अणदूरहून अप्पांचे मित्र मल्लिनाथ आले, मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन. दारातच थांबले.

"या की आत," अप्पा म्हणाले.

"न्हाय बा. शोभाताईंनी सांगितलंय. तुमीच भाईर या."

"माझ्यावर इश्वास न्हाय व्हय?"

"तुमच्यावर लई हाय. छतावर न्हाय."

अप्पांनी वर पाहिलं. मग उठले, बाहेर आले आणि पत्रिका घेतली. मला म्हणाले, "टेकू कवा येतेत?"

पुढचं सरळ होतं. टेकू लावून कोबा उतरवला, तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून गेला. मधला गर्डर बदलला. फॉल्स सीलिंग निघाल्यावर भिंतींत उंचावर बुजवलेले झरोके सापडले, ते उघडले. छतावर ऊन परतवणारा पांढरा लेप दिला. हॉलमधले बरेचसे एसी आता बंदच असतात. सोलर पार्किंगच्या नव्या शेडवर गेलं.

सभेत अप्पांनी सांगितलं, छताचं वजन उतरवायची कल्पना त्यांचीच. मीही टाळ्या वाजवल्या.

जुन्या इमारतीत नवं काय बसवायचं हे नंतर ठरवावं, आधी काय उतरवायचं ते बघावं. आणि क्लायंटला पटवायला दरवेळी इंजिनिअरच लागतो असं नाही.