सुट्टीच्या दिवशी मोजलेले पाय

दिवसभर उभ्याने राबणाऱ्या माणसाचे पाय तुम्ही नेमके कोणत्या वेळी पाहिले आहेत? नोकरीच्या पहिल्या वर्षी मी ते चुकीच्या वेळी पाहिले आणि तपासणीच्या कागदाखाली सही केली.

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या दवाखान्यात मी नर्स होते. डॉक्टरांच्या आधी पेशंटचे गुडघ्याखालचे पाय बघून कागद भरायचा, हे माझं काम. कातडीचा रंग, जखम, पावलाची नाडी, टेपने दोन्ही पोटऱ्यांचा घेर. मग नडगीवर अंगठा दाबून धरायचा आणि उचलल्यावर खड्डा राहतो का ते बघायचं. वडील कामगार संघटनेची पत्रकं छापायचे, मी वाचायला त्यांवरच शिकले. छापील कागदावर माझा जरा जास्तच विश्वास होता.

इचलकरंजीहून एक मामा आले. सव्वीस वर्षं यंत्रमागावर, बारा तासांची पाळी, सगळी उभ्याने. डाव्या घोट्याच्या वरची जखम दोनदा भरून पुन्हा फुटली होती, आता तिसऱ्यांदा भरत आली होती. त्यांना डॉक्टरांची चिठ्ठी हवी होती. चिठ्ठी आणली तर मालक त्यांना कांडी भरायला, म्हणजे धोट्यात बसणारं सूत गुंडाळायला घेणार होता. ते काम बसून असतं.

"कांडीला सगळ्या बायका हायत," मामा म्हणाले. "म्हणत्यात, या की पावणं, पदर घिऊन या."

पाय स्वच्छ घासलेले, वर खोबरेल. डॉक्टरापुढं घाण पाय कसं न्यायचं, असं त्यांचं म्हणणं. मी मोजलं. दोन्ही पोटऱ्यांत फरक जवळजवळ नाही, खड्डा नाही. 'सूज नाही' असं लिहिलं. डॉक्टरांनी कागद वाचला, पाय बघितले आणि म्हणाले, "सूज नाही, जखम भरतेय. चिठ्ठी कशाच्या जोरावर देऊ?"

मामा चपला घालत मला म्हणाले, "सिस्टर, आज कारखाना बंद हाय. काल सकाळपास्नं पाय उशीवर टाकून पडलोय. सूज काय सुट्टीदिवशी कामाला येती व्हय?"

मी हातातला कागद पुन्हा पाहिला. त्यावर सगळ्या चौकटी होत्या, वेळेची नव्हती. कामगाराला दवाखान्यात यायला सुट्टीचाच दिवस मिळतो. म्हणजे आमच्या कपाटातल्या फायलींत कितीतरी कामगारांचे विसावलेले, धुतलेले पाय होते, आणि 'सूज नाही' हा शेरा त्यांच्याच विरुद्ध वापरला जात होता. तो लिहिणारा हात माझा होता.

"रात्रपाळी सुटली की सरळ इकडं या," मी म्हणाले. "घरी जाऊ नका, पाय धुऊ नका."

"वास ईल की."

"येऊ दे."

तीन दिवसांनी सकाळी ते आले. भुवयांवर कापसाची पिंज होती. मोजा काढला तर रबराचा वळ कातडीत रुतलेला. डावी पोटरी आधीपेक्षा साडेतीन सेंटीमीटर जास्त भरली. अंगठा उचलला तर खड्डा तसाच. मी तीसपर्यंत आकडे मोजले, तरी पुरता भरला नव्हता. जखमेची कड ओली झाली होती. मी सगळं लिहिलं आणि खाली स्वतःच्या हाताने एक ओळ वाढवली: सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं, बारा तास उभं राहून, नंतर एसटीने प्रवास.

डॉक्टरांनी स्वतःचा अंगठा दाबून पाहिला. मग चिठ्ठीचं पॅड ओढलं आणि मला म्हणाले, "मागचा कागद फाडू नका. दोन्ही जोडा."

पुढच्या महिन्यात मामा आले तेव्हा कांडीवर बसत होते आणि जखम कोरडी होती.

तुमच्या घरातही कुणी दुकानात, गेटवर किंवा भटारखान्यात उभं राहून काम करत असेल. आज ते परतल्यावर, आडवं व्हायच्या आधी, त्यांच्या नडगीवर अंगठा दाबून धरा. खड्डा राहिला तर किती वाजता आणि किती तास उभं राहिल्यावर, हे कागदावर लिहा. तो कागद घेऊनच त्यांना डॉक्टरांकडे न्या.