टेलरताईंच्या पिशवीतल्या कात्र्या

आज दुपारी टेलरताई माझ्या लेकीचा शाळेचा स्कर्ट द्यायला घरी आल्या, तेव्हा त्यांच्या खांद्यावरच्या कापडी पिशवीत पाच कात्र्या होत्या. म्हणजे दुकानातल्या सगळ्याच. कापडाची मोठी, दोन मधल्या, काजांची छोटी आणि धागे तोडायची चिमट्यासारखी. शिवाय जुन्या टॉवेलात गुंडाळलेली ब्लेडं. मी सहज म्हटलं, "एवढं ओझं कशाला घेऊन फिरताय?"

त्या म्हणाल्या, "पोरगी दुकानात एकटी आहे ना."

घरात सगळे झोपलेत. ते एक वाक्य मात्र मला झोपू देत नाही.

टेलरताईंचं दुकान आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, एका जिन्याखाली आहे. आत दोन मशिनं, कापायचं टेबल, इस्त्री आणि पडद्याआड माप द्यायला एक माणूस उभं राहील एवढी जागा. सतराव्या वर्षी त्या कपड्यांच्या कारखान्यात लागल्या आणि अकरा वर्षं त्यांनी फक्त कॉलर लावल्या. "बाकीचा शर्ट कोण शिवतं ते मला ठाऊकच नव्हतं," त्या सांगायच्या. "माझ्याकडे नुसत्या माना यायच्या." मुलगी दोन वर्षांची असताना नवरा गेला. पोर सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून कारखाना सोडून त्यांनी हे दुकान टाकलं. पोर दिवसभर मशीनभोवती गोल गोल फिरायची, म्हणून मशीनमधल्या गरगर फिरणाऱ्या दोऱ्याच्या रिळावरून तिचं नाव पडलं बॉबिन. आता ती पंधरा वर्षांची आहे; पण गल्लीत तिचं खरं नाव कुणाला विचाराल तर तो डोकं खाजवेल.

टेलरताईंची माप घ्यायची एक पद्धत होती. कारखान्यातल्या मास्तरांनी घालून दिलेली. घेणाऱ्याने आकडा मोठ्याने बोलायचा, लिहिणाऱ्याने तितक्याच मोठ्याने परत म्हणायचा आणि मगच वहीत उतरवायचा. मशीनच्या खडखडाटात सत्तावीसचं सदतीस होऊ नये म्हणून. ताई टेप लावून ओरडायच्या, "खांदा पंधरा!" बॉबिन टेबलावरून ओरडायची, "पंधरा!" कुणी पोट आत ओढून उभं राहिलं की ताई म्हणायच्या, "श्वास सोडा हो मॅडम. कापडाशी खोटं बोललात तर ते चारचौघांत उसवून दाखवतं." बाकावर बसलेल्या बायका खोखो हसायच्या, मीही हसायचे. हे आकडे कुणाला टोचत असतील, असं कधी माझ्या मनातसुद्धा आलं नाही.

तयार कपड्यांची दुकानं वाढली तशी जिन्याखालची गर्दी ओसरली. तेव्हा बॉबिनने इंटरनेटवर आईच्या दुकानाचं पान सुरू केलं. धाग्यांच्या रिळांचे फोटो, कात्री कापडातून सरसर जातानाचे छोटे व्हिडिओ. बघणारे तीसेक जण, त्यातले निम्मे नात्यातले. मग दोन महिन्यांपूर्वी माझी चौदा वर्षांची लेक शाळेच्या स्कर्टचं माप द्यायला गेली. बॉबिनने तिला रीतसर विचारलं होतं, "चेहरा घेत नाही, चालेल ना?" लेक म्हणाली, "चालेल की."

चेहरा आला नाही. पण बाकावर ठेवलेलं पिवळं दप्तर आलं, त्याला लटकणारं लोकरीचं कासव आलं. आणि आवाज आला. "कंबर चौतीस!" "चौतीस!" "सीट चाळीस!" "चाळीस!"

आठवड्यानंतर रस्त्यात टेलरताई भेटल्या. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "मॅडम, तुमच्या लेकीचा व्हिडिओ चार हजार लोकांनी बघितला!"

मी म्हटलं, "अरे वा!" आणि भाजीची पिशवी सावरत पुढे गेले. बघितला नाही. ही माझी पहिली चूक, आणि ती सगळ्यात लहान.

शाळेत दप्तरावरून पोरांनी तिला ओळखलं, आणि सीटच्या, म्हणजे नितंबांच्या, मापावरून माझ्या लेकीचं नाव 'चाळीस' पडलं. तिने टाकलेल्या प्रत्येक फोटोखाली फक्त तेवढाच आकडा. मांजरीच्या फोटोखालीसुद्धा. गणिताच्या तासाला उत्तर चाळीस आलं की वर्ग खिदळायचा आणि बाईंना कळायचं नाही की यात हसण्यासारखं काय आहे. हे मला तिने सांगितलं नाही. ती फक्त जेवेनाशी झाली, आणि गणित असेल त्या दिवशी तिचं पोट दुखायला लागलं. मी तिला ओवा दिला, मग डॉक्टरकडे नेलं, आणि शेवटी ती अंघोळीला गेली असताना तिचा फोन उघडला.

त्यानंतर मी जे केलं ते रागाने केलं. आधी तिचा फोन काढून घेतला. तिच्या दोन खऱ्या मैत्रिणीही त्याच फोनमध्ये होत्या, हे मला सुचलं नाही. चिडवणारे बाहेर राहिले आणि धीर देणाऱ्या गेल्या. मग मी तशीच दुकानात गेले. तीन गिऱ्हाइकं बसली होती. त्यांच्यासमोर मी टेलरताईंना नाही नाही ते बोलले. ताईंना आधी कळेचना. बॉबिन पांढरीफटक पडली, तिने तिथल्या तिथे व्हिडिओ काढून टाकला.

"पोरीला नका बोलू, मॅडम," टेलरताई म्हणाल्या. "आवाज माझा होता."

तिथेच थांबायला हवं होतं. पण घरी येऊन मी शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर लिहिलं. दुकान कुठे आहे ते लिहिलं, 'लोकांच्या मुलींची शरीरं दाखवून धंदा करणारी मुलगी' असं लिहिलं, आणि पुराव्यादाखल दुकानाच्या पानाचा फोटो जोडला. त्यात बॉबिनचा चेहरा होता. दोनशे पालक. त्यांनी तो आपापल्या मुलांना दाखवला, बहिणींना पाठवला. जी पोरं काल माझ्या लेकीला चाळीस म्हणत होती, तीच आज न्यायाधीश होऊन बॉबिनच्या पानावर शिव्या लिहायला गेली. आम्ही मोठी माणसंही गेलो. चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझी लेक हळूहळू सावरली. ते मी केलं असं म्हणायची मला लाज वाटते. शाळेत मुलांशी बोलणाऱ्या एक समुपदेशक बाई आहेत, त्यांनी मला समोर बसवून सांगितलं, फोन परत द्या आणि ती वाचताना शेजारी बसा. मी बसले. लेकीने एकेक शेरा मोठ्याने वाचला, मी मधे बोलले नाही. मग कुणाला ठेवायचं आणि कुणाला काढायचं, ते तिचं तिने ठरवलं. रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर, माझासुद्धा. असं महिनाभर चाललं तेव्हा एके दिवशी ती गणिताची वही घेऊन शाळेत गेली. त्या महिन्यात मी बॉबिनचा विचार केला नाही. खरं सांगायचं तर एकदा केला होता, आणि बरं झालं, अद्दल घडली, असं म्हटलं होतं.

आणि आज टेलरताई दारात. पैसे घेईनात. मला वाटलं, ग्रुपवरचं काढा असं सांगायला आल्या असतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. स्कर्ट माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "आत शिवण सोडून ठेवलीय, वाढत्या अंगाला होईल." मग पिशवी खांद्यावर सारखी करत, "मी आता माप मनातच म्हणते. लिहिते पण मीच."

कात्र्यांबद्दल मी विचारलं ते तेव्हा. पोरगी एकटी आहे, असं सांगून त्या उंबऱ्यापाशीच उभ्या राहिल्या. आत या म्हणायचं मला सुचलं नाही.

"मॅडम, एक विचारू? तुमची लेक परत जेवायला लागली ना? काय केलंत तुम्ही? बॉबिन कापायच्या टेबलाखाली जाऊन बसते. शाळा सोडलीय. फोन काढून घेतला तर पाय आपटून रडते, दिला तर वाचून रडते. मला ते इतक्या भराभर वाचता येत नाही, आणि ती मला वाचून दाखवत नाही. तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हाला काहीतरी माहीत असेल."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी तो शोधला, सापडला असता तर बरं वाटलं असतं.

मी काय म्हणाले असेन? "वेळ द्या हो. होईल सगळं ठीक." एवढंच. सगळं माहीत असून. शेजारी बसा म्हणाले नाही, समुपदेशक बाईंचं नाव सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर आधी मी ग्रुपवर जे केलं ते कबूल करावं लागलं असतं. त्यांनी मान हलवली. जिना उतरताना पिशवीतल्या कात्र्या एकमेकींवर वाजत होत्या.

संध्याकाळी लेकीने स्कर्ट घालून पाहिला. बरोबर बसला. आरशात बघत ती म्हणाली, "बॉबिन कशी आहे?"

"बरी असेल."

"आई, तू ग्रुपवर काय लिहिलं होतंस ते मला पहिल्या दिवसापासून माहितीये. मला विचारायचं तरी. तिने मला विचारून व्हिडिओ काढला होता."

मी तिच्यावर खेकसले, "मोठ्यांच्या भानगडीत पडू नकोस." ती स्कर्ट काढून, नीट घडी घालून आत गेली.

आता मी फळीवरून माझा फोन काढून आणलाय. ग्रुपवरचं माझं जुनं लिखाण अजून तसंच आहे, त्याखाली एकशे चौदा अंगठे. माझी चूक सगळ्यांना दिसावी म्हणून ते काढलं नाही. त्याखालीच लिहिलं की हे चुकीचं होतं, त्या मुलीने परवानगी घेतली होती, आणि तिच्याबद्दल ज्यांनी जे काही लिहिलं आहे ते काढा, तिचा फोटो पुसून सुरुवात मी करते. बॉबिनचा चेहरा असलेला फोटो तेवढा पुसला. पण दोनशे फोनांतून तो कुठे कुठे गेला असेल, ते मला कधीच कळणार नाही.

एवढं करून सकाळची वाट बघावी, असं मनात आलं. इतक्या रात्री कुणाला उठवायचं? मग वाटलं, ज्या बाईने दुकानातल्या सगळ्या कात्र्या उचलून घरी नेल्या आहेत, ती झोपलेली नसणार. पिशवी उशाशी घेऊन ती पोरीच्या श्वासाकडे कान लावून बसलेली असणार.

समुपदेशक बाईंचा नंबर मी एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून घेतलाय. ताईंना तो मी सावकाश सांगेन, एकेक आकडा, आणि त्यांना परत म्हणायला लावेन, म्हणजे चुकायचा नाही. पण त्याआधी हे सांगायचं आहे, की दुपारी तुम्ही विचारलंत तेव्हा मला उत्तर माहीत होतं, आणि मी ते दिलं नाही. त्या काय म्हणतील ते म्हणोत, फोन आपटला तर पुन्हा लावेन.

त्यांचं नाव माझ्या फोनमध्ये अजून 'टेलर, स्कर्ट' असंच आहे. तेच दाबते आता.